कॉटराईज : नाव राजाचं, कपडा कामगाराचा

थंडी सुरू झाली की कपड्याच्या दुकानात एक जाडसर, उभ्या रेघारेघांचं कापड पुढच्या मांडणीत येतं. हात फिरवला की मखमलीसारखं मऊ लागतं, आणि लांबून बघितलं तर नांगरलेल्या शेतासारखं दिसतं. दुकानदार त्याला कॉर्डरॉय म्हणतो, शिलाईवाले मास्टर कॉटराईज म्हणतात, आणि आपल्या वडिलांच्या पिढीला त्याची बेलबॉटम पॅन्ट आठवते.

या कापडाबद्दल आमच्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. एक व्यवहाराचा असतो : महाग आहे, घ्यावं का, टिकतं का? दुसरा दीनचा असतो : हे मखमलीसारखं चमकतं, अंगाला रेशमी लागतं, मग पुरुषांना ते चालतं का? ईद आता सरकत सरकत थंडीकडे चालली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असल्यामुळे २०२९ सालची ईद-उल-फित्र फेब्रुवारीच्या मध्यावर येईल (एखादा दिवस चंद्रदर्शनाप्रमाणे इकडे-तिकडे). म्हणजे पुढची बरीच वर्षं ईदचे कपडे हे थंडीचे कपडे असणार आहेत, आणि हे दोन्ही प्रश्न वाढणारच आहेत. म्हणून हे कापड मुळात काय आहे, कुठून आलं आणि घेताना काय बघायचं, हे एकदा नीट समजून घेऊ.

कापड बनतं कसं?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना मागाची भाषा सांगायची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागावर उभा ताणलेला धागा म्हणजे ताना आणि आडवा जाणारा धागा म्हणजे बाना. साध्या कापडात बाना एका ताना-धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून जातो आणि कापड तयार होतं.

कॉर्डरॉयमध्ये बाना दोन कामं करतो. काही आडवे धागे तानाशी नेहमीप्रमाणे विणले जातात. त्यांनी कापडाची जमीन, म्हणजे पाया तयार होतो. उरलेले जादा आडवे धागे मात्र चार-पाच ताना-धाग्यांवरून मोकळे तरंगत जातात आणि मग एका ठिकाणी पायात अडकवले जातात. ही अडकवण्याची जागा प्रत्येक ओळीत एकाखाली एक येते. त्यामुळे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर तरंगत्या धाग्यांचे उभे बोगदे दिसतात.

खरं काम यानंतर सुरू होतं. या प्रत्येक बोगद्यात पात्याचं टोक घालून तो मधोमध चिरत जायचं. धागा तुटला की त्याची दोन टोकं वर उभी राहतात. शेजारच्या बोगद्यातली टोकंही तशीच उभी राहतात आणि दोन्ही मिळून लवेची एक उंच रेघ तयार होते. मग ब्रश मारून टोकं पिंजायची, वरचे भुरभुरे तंतू जाळून काढायचे, रंगवायचं आणि पुन्हा ब्रश मारायचा. एवढं झाल्यावर ते दुकानात येण्यालायक होतं.

म्हणजे मखमल आणि कॉर्डरॉय हे चुलतभाऊ आहेत. खऱ्या मखमलीत लव ताना-धाग्याची असते आणि ती सगळीकडे सलग असते. कॉर्डरॉयमध्ये लव बाना-धाग्याची असते आणि ती रेघांमध्ये वाटलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कापड सुरुवातीपासून सुताचं, म्हणजे कापसाचं आहे.

पट्टी घ्या आणि रेघा मोजा

कॉर्डरॉयची जात रेघांवरून ठरते. एक इंच रुंदीत किती रेघा बसतात, तो त्याचा नंबर. आपल्या मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, कापडावर आडवी ठेवा आणि एका इंचातल्या रेघा मोजा. ११ च्या आसपास आल्या तर ते नेहमीचं पॅन्टचं कापड. १६ किंवा त्याहून जास्त आल्या तर बारीक कॉर्डरॉय. ते हलकं असतं, शर्टाला आणि लहान मुलांच्या कपड्यांना चालतं. ७-८ च्या खाली आल्या तर जाड कॉर्डरॉय, जॅकेट किंवा सोफ्याच्या खोळीचं. नंबर जितका लहान, तितकी रेघ रुंद. हे उलटं गणित ग्राहकांच्या लक्षात राहत नाही आणि मोठा नंबर म्हणजे भारी माल, असं समजून लोक फसतात.

आम्ही शिक्षक माणसं, म्हणून आणखी एक हिशेब मांडतो. ११ रेघांचं कापड घ्या, पन्हा ५८ इंच धरा. ११ गुणिले ५८ म्हणजे ६३८ रेघा झाल्या. साधारण तेवढेच बोगदे चिरावे लागले. एका पॅन्टला सव्वा मीटर कापड धरलं, तर ६३८ गुणिले सव्वा, म्हणजे जवळजवळ ८०० मीटर लांबीची चीर एका पॅन्टमध्ये आहे! ५० मीटरच्या एका ताग्यात हीच चीर ३१,९०० मीटर होते, म्हणजे ३२ किलोमीटरच्या घरात. आज हे काम गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र करतं. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी ते माणसं हातानं करायची, आणि त्यांची गोष्ट या कापडाच्या नावाच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

राजाची दोरी : एक दंतकथा

नावाबद्दल एक सुंदर कथा सगळीकडे सांगतात. फ्रेंच भाषेत ‘कोर्द द्यू रवा’ म्हणजे राजाची दोरी. फ्रान्सच्या राजाचे नोकर हे कापड घालायचे, म्हणून ते कॉर्डरॉय झालं. कथा ऐकायला छान आहे, दुकानदाराला विकायलाही बरी पडते. पण तिला पुरावा नाही.

शब्दकोशकारांनी शोध घेतला तेव्हा जुन्या फ्रेंचमध्ये असा शब्दच सापडला नाही. फ्रेंच लोक या कापडाला ‘वेलूर कोतले’ म्हणतात, म्हणजे फासळ्यांची मखमल. उलट १८०७ सालच्या एका फ्रेंच यादीत या कापडासाठी ‘किंग्ज कोर्द’ असा इंग्रजी वळणाचा शब्द मिळतो. म्हणजे नाव फ्रान्समधून इंग्लंडला गेलेलं दिसत नाही, इंग्लंडमधून फ्रान्सला आलेलं दिसतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत हा शब्द दिसू लागला. ‘कॉर्ड’ म्हणजे दोरी आणि ‘ड्युरॉय’ हे त्या काळच्या एका भरड लोकरी कापडाचं नाव, त्यावरून तो जुळवला असावा, असा एक तर्क आहे.

जर्मन, स्वीडिश आणि चेक लोक मात्र जास्त प्रामाणिक निघाले. त्यांच्याकडे या कापडाला सरळ गावाच्या नावानं ओळखतात : मँचेस्टर. तिथे राजा कुठे नाही, गिरण्यांचं शहर आहे.

फुस्तातहून मँचेस्टरला

मँचेस्टरच्याही मागे जायचं तर रस्ता आपल्या इतिहासातून जातो. कॉर्डरॉय, कापसाची मखमल आणि मोलस्किन ही सगळी कापडं एका मोठ्या घराण्यातली आहेत. त्या घराण्याचं इंग्रजी नाव फस्टियन. मध्ययुगात फस्टियन म्हणजे ताना तागाचा (आपलं गोणपाटाचं ताग नव्हे, जवसाच्या जातीच्या झाडाचा तलम धागा) आणि बाना कापसाचा, असं मजबूत कापड.

हा शब्द कुठून आला, याबद्दल दोन मतं आहेत. एक मत तो लाकडाच्या लॅटिन शब्दाशी जोडतं, कारण कापूस म्हणजे झाडावरची लोकर. दुसरं मत तो फुस्तात शहराशी जोडतं. फुस्तात म्हणजे मिसरमधलं मुसलमानांनी वसवलेलं पहिलं शहर. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी ते इ.स. ६४१ च्या सुमारास वसवलं. कैरो त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी वसलं आणि आज फुस्तात कैरोच्याच पोटात आहे. हजरत अम्र (रजि.) यांच्या नावाची मशीद तिथे उभी आहे.

फस्टियन शब्दाचा वाद बाजूला ठेवला तरी एका गोष्टीत वाद नाही. युरोपला कापसाची ओळख मोठ्या प्रमाणात अरबांच्या मार्फत झाली. इंग्रजी ‘कॉटन’ हा शब्दच अरबी ‘कुत्न’वरून आला. जर्मनीत याच जातीच्या कापडाला ‘बार्खेंट’ म्हणायचे, तोही अरबी ‘बर्रकान’वरून. कापड प्रवास करतं तेव्हा शब्दही सोबत जातात. आपण घरात ‘पायजमा’ म्हणतो तो फारसी, आणि साऱ्या जगानं तो आपल्याकडून उचलला.

इटली आणि जर्मनीतून हे कापड इंग्लंडच्या लँकेशायर भागात पोहोचलं. आणि इथे हिंदुस्थानचा संबंध येतो, तोही उलट्या बाजूनं. सतराव्या शतकात हिंदुस्थानची छापील सुती कापडं, म्हणजे आपली छीट, इंग्लंडमध्ये इतकी खपू लागली की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे रस्त्यावर आले. सरकारनं १७०१ पासून अशा छापील मालाच्या आयातीवर बंदी घातली आणि १७२१ मध्ये तो वापरण्यावरसुद्धा. पण १७३६ साली एका कायद्यानं मँचेस्टरच्या फस्टियनला या बंदीतून मोकळीक मिळाली. आपल्या विणकरांचा माल बाहेर आणि मँचेस्टरला मोकळं रान! १७७४ ला बंदी उठली, पण तोवर तिकडे सूतकताईची यंत्रं आली होती. १७६९ च्या आर्कराइटच्या यंत्रावर तानाला पुरेल इतकं मजबूत सूत निघू लागलं आणि पूर्ण कापसाचं फस्टियन बनायला लागलं. आपण ज्याला कॉर्डरॉय म्हणतो ते या काळातलं.

चिरणारे हात

आता त्या ८०० मीटरच्या चिरेकडे परत जाऊ. लँकेशायर, चेशायर आणि यॉर्कशायरमध्ये फस्टियन कापणं हा वेगळा धंदा होता. लांबच लांब टेबलावर कापड ताणून बांधायचं. हातात सळईसारखा लांब, निमुळता सुरा. त्याच्या टोकाला पातळ वेष्टण असायचं, ते बोगद्यात शिरून वाट दाखवायचं. एका टोकाला सुरा घातला की टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. मग परत यायचं आणि शेजारचा बोगदा धरायचा. दिवसभर हेच. या कामात बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येनं होती, आणि ती रोज कित्येक मैल चालायची. हात जरा हलला की पातं खालच्या पायात घुसायचं आणि कापडाला भोक पडायचं. चेशायरमधलं काँगलटन हे गाव या धंद्यासाठी ओळखलं जायचं. यंत्रं आल्यावरही हातानं कापणं काही ठिकाणी विसाव्या शतकापर्यंत चालू राहिलं.

यॉर्कशायरच्या हेब्डन ब्रिज गावात तर फस्टियन आणि कॉर्डरॉयच्या इतक्या पॅन्टी शिवल्या जायच्या की त्याला पॅन्टींचं गाव म्हणायचे. याच गावात १८७० साली फस्टियनच्या कामगारांनी एकत्र येऊन स्वतःची सहकारी संस्था काढली. पुढे त्यांनी स्वतःची गिरणी घेतली आणि ती अनेक वर्षं चालवली. महाराष्ट्रात सहकार हा शब्द नवा नाही. पण कापडाच्या धंद्यात राबणाऱ्या आपल्या भावांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि हे कापड घालायचं कोण? तेच, राबणारे. स्वस्त, जाड, काट्याकुट्याला न फाटणारं, ऊब देणारं. शेतमजूर, खाणकामगार, गवंडी, गाडीवान यांच्या अंगावर ते असायचं. फ्रेडरिक एंगेल्सनं १८४५ मध्ये इंग्लंडच्या कामगारांवर पुस्तक लिहिलं, त्यात नोंदवलंय की फस्टियन हा कामगारांचा इतका ठरलेला पेहराव झाला होता की लोक त्यांना ‘फस्टियन जॅकेट’ म्हणत आणि मालक वर्गाला त्यांच्या तलम लोकरी कापडाच्या नावानं ओळखत. मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा पुढारी फर्गस ओकॉनर १८४१ ला तुरुंगातून सुटला, तेव्हा तो मुद्दाम फस्टियनचा सूट घालून बाहेर आला. मी तुमच्यातला आहे, हे सांगायला त्याला भाषणाची गरजच पडली नाही.

जर्मनीत आजही सुतारकाम शिकून गावोगाव फिरणारे तरुण कारागीर काळ्या कॉर्डरॉयची रुंद पायांची पॅन्ट आणि जाकीट घालतात. तो त्यांच्या हुनराचा पोशाख आहे आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

या गोष्टीत आपला शेतकरीही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. लाखो कामगार उपाशी राहिले. त्या वेळी मुंबई बंदरातून हिंदुस्थानी कापसाच्या गाठी धडाधड जाऊ लागल्या. आखूड धाग्याचा हा कापूस तिथल्या यंत्रांवर सारखा तुटायचा आणि कामगार वैतागायचे. इकडे मुंबईत सोन्याचा धूर निघाला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कितीतरी व्यापारी, बँका बुडाल्या. दूरच्या माणसाच्या पॅन्टीचा आणि आपल्या शेताचा संबंध तेव्हाही होता, आजही आहे.

पुढे विसाव्या शतकात या कपड्याची तबियत बदलली. कॉलेजातली मुलं, चित्रकार, प्राध्यापक ते घालू लागले. कोपरावर ठिगळ लावलेलं कॉर्डरॉयचं जॅकेट म्हणजे मास्तर, असं चित्रच पश्चिमेत तयार झालं. १९६० आणि ७० च्या दशकांत ते फॅशनमध्ये आलं आणि आपल्याकडच्या बेलबॉटमलाही लागलं. आता मोठ्या मॉलमध्ये त्याचा भाव बघून कामगाराला घाम फुटतो. पण कापड तेच आहे.

पुरुषांना चालतं का?

आता दीनच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. पण कापडाची माहिती नीट असेल तर उलेमांना प्रश्नही नीट विचारता येतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोनं आणि रेशीम उम्मतच्या पुरुषांना मना केलं आणि स्त्रियांना परवानगी दिली, ही हदीस सगळ्यांना माहीत आहे. इथे रेशीम म्हणजे रेशमाच्या किड्यानं तयार केलेला धागा. मऊपणा, चमक किंवा लव यांच्यावर बंदी नाही. कापूस कितीही मऊ केला तरी तो कापूसच राहतो. हजरत जुबैर (रजि.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अंगाला खाज येत होती म्हणून रेशीम घालण्याची सवलत मिळाली होती. चार बोटांपर्यंत रेशमी काठाची सवलतही हदीसमध्ये आहे. म्हणजे शरीयतनं हा मामला किती बारकाईनं बघितला आहे, ते दिसतं.

मिश्र कापडाबद्दल फुकहांनी चर्चा केली आहे. हनफी मसलकात बाना कशाचा आहे हे बघतात : ताना रेशमी आणि बाना सुताचा असेल तर चालतं. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणी बिरादरीत, वजनानं रेशीम जास्त आहे का, हे बघतात. दख्खन आणि गुजरातेत विणलं जाणारं ‘मशरू’ हे कापड याच विचारातून आलं. आत अंगाला सूत लागतं, बाहेर रेशमाची झळाळी दिसते, आणि नावाचा अर्थच ‘शरीयतनं मान्य केलेलं’. आपल्या बुजुर्ग विणकरांनी मागावर बसून फिकहचा मसला सोडवला, असंच म्हणायला हवं.

या कसोटीवर कॉर्डरॉय बघा. ताना सुताचा, बाना सुताचा, लवही सुताची. आजकाल थोडं पॉलिस्टर किंवा ताणलं जाणारं रबरासारखं सूत मिसळतात, तेही रेशीम नाही. म्हणून रेशमाचा प्रश्न इथे उभाच राहत नाही. दुकानात ‘सिल्क टच’, ‘सिल्क फिनिश’ असं लिहिलेलं असतं, त्यानं घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. बहुतेक वेळा त्यात रेशमाचा एक तंतूही नसतो. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे तर बनावट रेशीम. आजची स्वस्त मखमलही बहुधा पॉलिस्टरची असते. पण खरी रेशमी मखमल अजूनही मिळते आणि शेरवानीसाठी विकली जाते. तिथे मात्र विचारून घ्या.

खरं-खोटं ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, लेबल वाचा. तयार कपड्यावर धाग्याचं प्रमाण छापलेलं असतं. ताग्यातून कापड घेत असाल तर कडेचे चार धागे ओढून मागा आणि घरी चिमट्यात धरून मोठ्यांच्या देखरेखीत जाळून बघा.

सूत कागदासारखं पेटतं, कागद जळल्याचाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टणक मणी बनतो, तो बोटानं फुटत नाही. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी गुठळी चिमटीत चुरडली जाते. एवढी परीक्षा समजली की ‘प्युअर’ शब्दावर विसंबावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, लव तपासा. कापलेल्या कडेजवळची लव नखानं खरवडून बघा. भसाभस सुटत असेल तर विणकाम सैल आहे, गुडघ्यावर लवकर टक्कल पडेल. कापड उलटं करून उजेडासमोर धरा. पाया दाट आणि एकसारखा दिसला पाहिजे.

विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. ओलं धान्य ढिगाच्या आत लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित (स.) यांनी फटकारलं होतं आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं होतं. पॉलिस्टरला कॉटन म्हणून विकणं हे आजचं ओलं धान्यच आहे. ईदच्या गर्दीत ग्राहक विचारत नाही, म्हणून सांगायचं नाही, असं होता कामा नये.

शिलाई, धुलाई आणि नमाज

कॉर्डरॉयच्या लवेला दिशा असते. एका बाजूनं हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. लव वरच्या दिशेनं ठेवली तर रंग गडद दिसतो, खालच्या दिशेनं ठेवली तर फिका आणि चमकदार. म्हणून पॅन्टचे सगळे भाग एकाच दिशेनं कापावे लागतात. एक पाय उलटा कापला गेला तर एकाच कापडाची पॅन्ट दोन रंगांची दिसते. मास्टरला हे आधी सांगा, आणि यामुळे थोडं कापड जास्त लागतं हेही लक्षात ठेवा.

धुताना उलटं करून, गार पाण्यात, गडद रंग वेगळे ठेवून धुवा. टॉवेल सोबत टाकू नका, त्याचे तंतू रेघांत अडकतात. लवेवर इस्त्री दाबू नका, ती चपटी होते. उलट्या बाजूनं हलकी इस्त्री करा किंवा वाफ द्या, आणि कोरड्या ब्रशनं लव उठवा.

नमाजी माणसासाठी तीन गोष्टी खास. सजदा आणि कअदा यांत गुडघ्यावर रोजचा दाब येतो, म्हणून गुडघ्याची लव सगळ्यात आधी बसते. नमाजीनं फार बारीक रेघांचं नाजूक कापड घेण्यापेक्षा ११ च्या आसपासचं मजबूत कापड घ्यावं. दुसरं, शिलाई सैल ठेवावी. जाड कापड अंग नीट झाकतं, पण तंग शिवलं तर वाकताना शिवण ताणते. तिसरं, वजू करताना मोहरी वर घ्यावी. हे कापड पाणी धरून ठेवतं आणि थंडीत उशिरा वाळतं.

आणि हवामान बघूनच घ्या. मालेगाव, नाशिक, औरंगाबाद, विदर्भाच्या थंडीत ते छान चालतं. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत मात्र बहुतेक दिवस ते अंगाला जड होतं. तिथल्या लोकांनी घेतलंच तर बारीक रेघांचं, हलकं घ्यावं.

शेवटी एवढंच

ईदला नवा, स्वच्छ, चांगला कपडा घालावा, त्यात काही वावगं नाही. आपली मिरवणूक व्हावी म्हणून कपडा घालू नये, एवढी ताकीद आहे. कॉर्डरॉयला बाजारानं राजाचं नाव चिकटवलं आणि राजाचं म्हणून भाव वाढवला. प्रत्यक्षात या कापडाची किंमत त्या हातांमुळे आहे, ज्यांनी दिवसभर टेबलाशी चालत एक एक रेघ चिरली. आपल्यातल्या कितीतरी घरांचा चूल्हा मागावर चालतो. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पोरांना या ईदला कॉर्डरॉयची पॅन्ट घेतलीत तर सोबत पट्टी द्या, रेघा मोजायला लावा आणि ६३८ चा हिशेब करून घ्या. कपडा अंगावर चढण्याआधी त्यामागची मेहनत पोरांना कळली, तर ते तो जपून वापरतील. आणि जुना झालेला, पण अजून चांगला असलेला कपडा थंडी संपायच्या आत एखाद्या गरजूला देतील.